एकच पुडी, निराळा गुण

शिरूर मागें टाकून पुण्याची मोटार पारनेर तालुक्यांत शिरली, कीं अहिल्यानगरच्या वाटेवर कांहीं मैलांत सुपा हें गांव लागतें. एका बाजूस बाजरी-ज्वारीचीं कोरडवाहू रानें, पलीकडच्या डोंगरपठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्या, आणि दुसऱ्या बाजूस औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांचीं लांबच लांब छपरें. पाऊस येथें बेताचा. ऊन मात्र मागितल्यावांचून मिळतें. अशा गांवांतील माणसांच्या रक्तांत उन्हापासून तयार होणाऱ्या जीवनसत्त्वाचीच वाण पडावी, ही गोष्ट नदीकांठीं राहून तहानलेलें राहण्यासारखी आहे. तथापि ती घडते. आणि ती घडली म्हणजे पुढें जो गोंधळ उडतो, तो याहूनही नवलाचा असतो.

समजा, या गांवांतील एका घरांत दोघी जावा आहेत. दोघींच्याही कमरेंत व पोटऱ्यांत दुखत असे. डॉक्टरांनीं दोघींचें रक्त तपासविलें, तेव्हां ड जीवनसत्त्वाचा आंकडा दोघींचाही दर मिलिलिटरास ९ नॅनोग्रॅम, म्हणजे फारच थोडा, निघाला. आठ आठवडे, दर आठवड्यास ६०,००० एककांची एकेक पुडी, असें औषध ठरलें. पुड्या एकाच दुकानांतून आल्या, एकाच फडताळांत राहिल्या. तिसऱ्या महिन्यांत पुन्हां तपासणी झाली, ती अशी : थोरलीचा आंकडा ३६, धाकटीचा १७.

“जाऊबाई, तुम्हांला औषध मानवलें, माझ्याच अंगीं तें कां लागत नाहीं?” असें धाकटीनें विचारलें, तर त्यांत तिचें काय चुकलें ? घरांत मग तीन मतें झालीं. सासूबाई म्हणाल्या, पुड्यांतच कांहीं खोट असली पाहिजे. धाकटी म्हणाली, तपासणी चुकली असेल. तिच्या यजमानांचें मत मात्र करारी : आठवड्यास एक पुडी पुरत नसेल, तर रोज एक घ्यावी, जीवनसत्त्वच तें, त्यानें अपाय कसला! या तिन्ही मतांत थोडथोडें तथ्य आहे, आणि तिसऱ्यांत प्राणावर बेतण्यासारखी चूकही आहे. म्हणून विषय जरा मुळापासून पाहिला पाहिजे.

ज्यास ड जीवनसत्त्व म्हणतात, तें इतर जीवनसत्त्वांच्या पंक्तीस नीटसें बसत नाहीं. बाकीचीं बहुतेक अन्नांतून यावीं लागतात. हें मनुष्याची त्वचा स्वतः तयार करते. त्वचेंत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक स्निग्ध पदार्थ असतो. सूर्यप्रकाशांतील डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरण, आणि त्यांतलेही सुमारें २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचेच, त्यावर पडले म्हणजे त्याचें रूपांतर होऊन हें जीवनसत्त्व उत्पन्न होतें. परंतु असें उत्पन्न झालेलें किंवा पुडींतून पोटांत गेलेलें जीवनसत्त्व हें नुसतें खळ्यावरचें धान्य समजावें. तें यकृतांत जातें, तेथें त्याचें जणूं पीठ होतें. आणि तें पीठ मूत्रपिंडांत गेलें म्हणजे त्याची भाकरी होते. आंतड्यांतून कॅल्शियम शोषून घेण्याचें काम या भाकरीनें होतें, धान्यानें नव्हे. प्रयोगशाळेंत रक्ताचा जो आंकडा काढतात, तो मधल्या पिठाचा. घरांत धान्य किती आलें हें त्यावरून अजमासानें कळतें. पण धान्य आणि पीठ यांच्यामध्यें पुष्कळ हात आहेत, आणि प्रत्येक घरचे हात निराळे.

हें ज्ञान तसें जुनें नाहीं. १९१९ सालीं इंग्लंडांत मेलन्बी यांनीं कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून दाखविलें, कीं मुडदूस हा रोग आहारानें उत्पन्न करतां येतो व कॉडलिव्हर तेलानें बरा करतां येतो. त्याच वर्षीं बर्लिन येथें हुल्डशिन्स्की यांनीं मुडदूस झालेलीं मुलें जंबुपार किरणांच्या दिव्यापुढें बसवून बरीं केलीं. एकानें तेल पाजलें, दुसऱ्यानें प्रकाश दाखविला, आणि गुण एकच आला. अमेरिकेंत मॅक्कॉलम यांनीं १९२२ सालीं या गुणकारी द्रव्यास ड हें अक्षर दिलें. या वर्गांतील द्रव्यांच्या रासायनिक अभ्यासाबद्दल जर्मनींतील विंडाउस यांस १९२८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

या इतिहासांत महाराष्ट्राचेंही एक पान आहे. १९२२ सालींच हचिसन व शहा या दोघांनीं नाशिक येथील पाहणीवरून मुडदुसाच्या कारणांविषयीं निबंध प्रसिद्ध केला. हा दारिद्र्याचा, अपुऱ्या अन्नाचा रोग असावा असा त्या वेळीं पुष्कळांचा समज. नाशिकास आढळलें तें उलटें. पडदा पाळणाऱ्या सुस्थितींतील घरांत, जेथें खाण्यापिण्याची ददात नव्हती, तेथें मुलांना मुडदूस व बायकांना हाडें मऊ पडण्याचा विकार. आणि जीं माणसें अर्धपोटीं राहत, परंतु ज्यांचा दिवस उघड्यावर जाई, त्यांच्या घरीं तो नाहीं. शेजारच्या जिल्ह्यांत शंभर वर्षांमागें झालेली ही पाहणी आजही लागू पडते. फक्त पडद्याचें स्वरूप पालटलें आहे. पत्र्याच्या छपराखालची पाळी हा एक पडदा, मोटारीची कांच हा दुसरा. या किरणांपुरती कांच ही भिंतच होय. खिडकींतून ऊन अंगावर आलें तरी जीवनसत्त्व उत्पन्न होत नाहीं. पुण्याच्या झोपडपट्ट्यांतील लहान मुलांची एक पाहणी २०१० सालीं प्रसिद्ध झाली. तींतही दिवसभर पाळणाघरांत, घराच्या आंत राहणाऱ्या मुलांत मुडदुसाचीं चिन्हें अधिक दिसलीं, व बाहेर खेळणाऱ्यांत कमी. सकाळचें कोंवळें ऊन अंगास बरें वाटतें, पण त्यांत हे विशिष्ट किरण फार थोडे. ज्या वेळीं माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षां आखूड पडते, ती वेळ या कामाची. आणि त्या वेळीं सुप्याची गृहिणी बहुधा ओसरीच्या आंत असते.

आतां जावांकडे वळावें. दोघींचा आंकडा आरंभीं सारखाच होता, ही या कथेंतील एक सोय आहे. प्रत्यक्षांत तसें क्वचित् असतें, आणि निराळ्या गुणाचें एक मोठें कारण तेंच असतें. ज्याच्या रक्तांत मुळांत फार थोडें असतें, त्याचा आंकडा झपाट्यानें चढतो. ज्याचा आधींच बरा असतो, त्याचा त्याच मात्रेनें थोडासाच हलतो. सुकलेली जमीन पहिलें पाणी गटागटा पिते, तशांतला हा प्रकार. म्हणून दोन शेजाऱ्यांनीं आपापल्या वाढीची तुलना करतांना आरंभ कोठून झाला हें आधीं पाहावें. पण येथें तें कारण नाहीं. मग दुसरीं पाहूं जातां पहिलें सांपडतें तें अगदीं घरगुती आहे.

आठवड्यांतून एकदां घ्यावयाचें औषध विसरूं नये म्हणून धाकटीनें सोमवार धरला. कारण सोमवार ती कधींच विसरत नाहीं. तो तिचा उपवासाचा दिवस. सकाळीं स्नान झालें, कीं कोऱ्या चहाबरोबर पुडी. मग रात्रीं उपवास सोडीपर्यंत पोटांत कांहीं नाहीं. थोरलीनें रविवार धरला, आणि रविवारीं दुपारीं भरल्या पोटीं, शेंगदाण्याच्या कुटाची आमटी व वर दूध घेऊन ती पुडी घेई. ड जीवनसत्त्व पाण्यांत विरघळत नाहीं, स्नेहांत विरघळतें. अन्नांतील स्निग्धांश पोटांत आला म्हणजे पित्त सुटतें, आणि त्याच्या आधारानें तें शोषलें जातें. अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें २०१० सालीं कांहीं रुग्णांना हेंच औषध दिवसांतील सर्वांत मोठ्या जेवणाबरोबर घेण्यास सांगितलें, तेव्हां त्यांचे आंकडे सरासरीनें निम्म्याहून थोडे अधिकच वाढले. औषध तेंच, मात्रा तीच. धाकटीच्या भक्तीस कोणी नांव ठेवणार नाहीं, परंतु औषधाचा वार तिनें चुकीचा निवडला हें खरें.

दुसरें कारण बोलण्यास जरा नाजूक आहे. धाकटी अंगानें भरलेली, थोरली काटक. स्नेहांत विरघळणारें जीवनसत्त्व शरीरांतील चरबींत जाऊन बसतें. कणगी जितकी मोठी, तितकें धान्य तींत जातें आणि जात्यावर कमी येतें. अमेरिकेंतील एका फार मोठ्या परीक्षणांत २५,८७१ माणसें घेतलीं होतीं, व त्यांतील निम्म्यांस वर्षानुवर्षें रोज २,००० एकक दिलीं. त्या रक्तांच्या तपासणीचा वृत्तांत २०२३ सालीं आला : तीच मात्रा घेऊनही स्थूल माणसांचा आंकडा सडपातळ माणसांच्या मानानें कमीच चढला. म्हणूनच, स्थूल माणसास दुप्पट-तिप्पट मात्रा लागूं शकते असें तज्ज्ञांच्या एका मंडळानें २०११ सालीं नमूद केलें होतें. अर्थात् ती किती व कोणास, हें ठरविणें वैद्याचें काम.

तिसरें कारण ताटांत आहे, आणि तें एकट्या धाकटीचें नसून सगळ्या मुलुखाचें आहे. बाजरीची भाकरी हें पौष्टिक अन्न खरें. पण धान्याच्या कोंड्यांत फायटेट नांवाचें द्रव्य असतें, तें कॅल्शियमला बांधून ठेवतें. त्यावर तोड म्हणजे दूध आणि ताक. पारनेरकडच्या शेतकऱ्याच्या दारीं गाय असते, परंतु दूध सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर जातें, आणि घरांत उरतें तें चहापुरतें. त्यांतही वाटा पडतात तेव्हां पहिलें पोरांस, मग पुरुषांस. सुनेचा क्रम शेवटचा. कॅल्शियम कमी पडलें कीं गळ्याजवळच्या चार लहान ग्रंथींचा रस वाढतो, त्यानें मूत्रपिंडांतील भाकरीची चूल जोरानें पेटते, आणि त्या भरांत पीठ लवकर संपतें. उंदरांवरील प्रयोगांत हा प्रकार १९८७ सालीं उघडकीस आला. तिरुपतीच्या परिसरांत झालेल्या पाहणींतही, जी २००७ सालीं प्रसिद्ध झाली, उन्हांत राबणाऱ्या खेडुतांचा आंकडा शहरवासीयांपेक्षां बरा होता, तरी पुष्कळांचा अपुराच. आणि त्यांच्या आहारांत कॅल्शियम थोडें व फायटेट फार. नुसत्या पुड्या देऊन कॅल्शियमची आबाळ तशीच ठेवली, तर औषध एका दारानें येतें व दुसऱ्यानें जातें. या घरांत थोरली रविवारीं दूध घेते, धाकटीच्या वाट्यास तेंही नाहीं; ही गोष्ट तपासणीच्या कागदावर कोठेंही लिहिलेली नसते.

याशिवाय इतर औषधें आहेत. फेफऱ्यावरील फेनिटॉइन, क्षयावरील रिफाम्पिसिन हीं यकृतास असें कांहीं चेतवितात, कीं जीवनसत्त्वाचा निचरा वाढतो. हीं औषधें मनानें बंद करावयाचीं नव्हेत. तीं चालू आहेत एवढें डॉक्टरांस सांगितलें म्हणजे झालें. आंतड्याचा जुना विकार, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा रोग असल्यास गोष्ट आणखी निराळी; मूत्रपिंड बिघडलेल्यास पीठ भरपूर असूनही भाकरी मिळत नाहीं.

श्रोत्यांपैकीं कोणी विचारील, कीं हें सारें सारखें असतें तर दोघींचा आंकडा एक झाला असता काय ? तरीही नाहीं. सख्ख्या बहिणींचाही होत नाहीं, आणि जावा तर दोन निराळ्या घराण्यांतून आलेल्या. २०१० सालीं हजारों लोकांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावरून हा आंकडा ठरण्यांत आनुवंशिक घटकांचा हात आहे, हें दिसून आलें. त्वचेंतील मूळ द्रव्य किती असावें, यकृतांतील जातें किती जोरानें फिरावें, रक्तांतून जीवनसत्त्व वाहून नेणारें प्रथिन कसें असावें, आणि जुनें झालेलें केव्हां मोडून टाकावें, या चारही कामांच्या सूचना माणसागणिक किंचित् निराळ्या लिहिलेल्या असतात. प्रत्येक फरक लहान. त्यावरून मात्रा ठरवावी इतकें ज्ञान मात्र अद्याप व्यवहारांत आलेलें नाहीं. तशा चाचण्या विकणारे भेटले, तर पैसे जपून ठेवावेत हें बरें.

या फरकांपैकीं एक मात्र लहान नाहीं, आणि तो यजमानांच्या मताशीं भिडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत बालकांच्या दुधाच्या भुकटींत व इतर खाद्यांत ड जीवनसत्त्व मुक्तहस्तानें घालीत असत. लक्षावधि मुलांनीं तें सुखानें पचविलें. पण १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत थोडीं बालकें आजारी पडूं लागलीं : ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, अंग न धरणें, रक्तांत कॅल्शियमचा अतिरेक. कांहीं दगावलीं. पुढें त्या खाद्यांतील मात्रा उतरविण्यांत आली, आणि त्याचें एक कारण साठ वर्षांनीं, २०११ सालीं, उमगलें. जुनें जीवनसत्त्व मोडून टाकणारें पाचक द्रव्य बनविण्याची सूचनाच ज्या बालकांत जन्मतः सदोष असते, त्यांच्या घरांतील धान्य सांचतच जातें. इतरांस जी मात्रा औषध, तीच यांस विष. क्षयासारख्या कांहीं रोगांतही शरीराच्या इतर भागांत या भाकरीच्या बेसुमार चुली पेटूं शकतात.

आतां हिशेब करून पाहावा. ४० एकक म्हणजे एक मायक्रोग्रॅम. म्हणजे ६०,००० एककांच्या पुडींत औषध दीड मिलिग्रॅम, व आठ पुड्यांत मिळून बारा मिलिग्रॅम. बाजरीचा एक टपोरा दाणा सुमारें तेवढ्याच वजनाचा भरतो. दोन महिन्यांचा सगळा उपचार एका दाण्याएवढा ! उलट निरोगी माणसास रोज ६०० एकक पुरेत, असें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं सांगितलें आहे. रोज एक पुडी घेतली, तर ती याच्या शंभरपट होते. पाण्यांत विरघळणारें जीवनसत्त्व अधिक झालें तर बहुतेक लघवीवाटे निघून जातें. हें चरबींत सांचतें, आणि महिनोन्महिने बाहेर येत राहतें. तहान, वारंवार लघवी, अन्नद्वेष, ओकाऱ्या, सुस्ती, भ्रम, आणि शेवटीं मूत्रपिंडास कायमची इजा, असा त्याचा क्रम आहे. आठवड्याच्या ऐवजीं रोज पुडी घेऊन रुग्णालयांत पोंचलेले रोगी आपल्या देशांत वैद्यांना भेटले आहेत. ऑस्ट्रेलियांत तर वृद्ध स्त्रियांना वर्षाचें औषध एकदांच, पांच लक्ष एकक, देऊन पाहिलें. २०१० सालीं त्याचा निकाल आला, तेव्हां त्यांचें पडणें व हाडें मोडणें कमी होण्याऐवजीं वाढलें होतें. तेव्हां यजमानांचें म्हणणें, कीं धाकटीस अधिक मात्रा लागूं शकेल, हें कदाचित् खरें ठरेल. पण ती त्यांनीं ठरवावयाची नाहीं, आणि रोज एक पुडी हा तिचा मार्ग नव्हे.

सासूबाईंचा संशयही अगदींच पोकळ नाहीं. अमेरिकेंत २०१३ सालीं दुकानांतल्या ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या तपासल्या, तेव्हां लिहिलेल्या मानानें शेंकडा ९ पासून शेंकडा १४६ पर्यंत औषध त्यांत निघालें. मात्र या घरांत दोघींच्या पुड्या एकाच खोक्यांतल्या, म्हणून तो दोष थोरलीसही बाधला असता. आणि धाकटीचा संशय ? निरनिराळ्या प्रयोगशाळा निरनिराळ्या रीतीनें मोजतात, त्यामुळें एकाच रक्ताचे दोन आंकडे येऊं शकतात. शिवाय रक्तांतील या पिठाचें प्रमाण निम्म्यावर येण्यास दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून शेवटची पुडी घेतल्यानंतर कोण केव्हां रक्त देतो, यावरही आंकडा हलतो. थोरलीनें लगेच दिलें होतें, धाकटीनें माहेराहून परत आल्यावर, तीन आठवड्यांनीं. यजमानांना हें आठवण्यास बराच वेळ लागला.

एक गोष्ट मात्र या साऱ्या वादांत कोणी विचारली नाहीं : दुखणें कोणाचें थांबलें ? आंकडा चढणें हा एक गुण आणि बरें वाटणें हा दुसरा. ते दोन्ही हातांत हात घालून येतातच असें नाहीं. वर सांगितलेल्या पंचवीस हजार माणसांच्या परीक्षणांत, जीं बहुतेक मुळांत फारशीं उणीं नव्हतीं, त्यांचीं हाडें मोडण्याचें प्रमाण औषधानें कमी झालें नाहीं, असें २०२२ सालीं दिसून आलें. खरी उणीव असेल तेथें औषध चमत्कार करतें. नसेल तेथें कागदावरचा आंकडा तेवढा सुधारतो. धाकटीचा १७ हा आंकडाही पहिल्या ९ च्या जवळजवळ दुप्पट आहे. अमेरिकेंतील वैद्यकशास्त्रसंस्थेनें २०११ सालीं २० हा आंकडा हाडांसाठीं पुरेसा मानला. ३० पाहिजे असा आग्रह ज्या तज्ज्ञमंडळानें त्याच वर्षीं धरला होता, त्यानें २०२४ सालीं तो सोडून दिला. तेव्हां धाकटीस फार दूर जावयाचें राहिलेलें नाहीं.

तिच्याकरितां झालें तें एवढेंच, कीं पुडीचा वार सोमवारऐवजीं मंगळवार झाला, वेळ रात्रीच्या जेवणाची ठरली, आणि संकलन केंद्रावर जाणाऱ्या किटलींतून रोज एक पेला दूध घरीं ठेवावयाचें ठरलें. हें शेवटचें ठरवितांना सासूबाईंनीं आढेवेढे घेतले नाहींत, हें नमूद केलें पाहिजे. पुढची तपासणी डॉक्टरांनीं सांगितलेल्या वेळीं, त्याच प्रयोगशाळेंत, आणि दोघींची एकाच दिवशीं. थोरलीस मात्र ही तपासणी कशाला, असें वाटत होतें. तिचा ३६ चा कागद तिनें कपाटांत ठेवून दिला होता. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत अशाच आठ आठवड्यांच्या पुड्या निरोगी परंतु उणीव असलेल्या माणसांना दिल्या होत्या. २००८ सालीं त्याचा वृत्तांत आला. आठ आठवड्यांनीं सर्वांचे आंकडे छान चढलेले होते. वर्षानें पाहिलें तों बहुतेक पुन्हां खालीं आले होते. थोरलीचा दिवसही कारखान्याच्या भोजनगृहांत पोळ्या लाटण्यांत, पत्र्याखालींच जातो.